ऑलिव्हच्या काळ्या पाण्यावर धिंगरीचा उतारा

पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना औद्योगिक सांडपाण्याचा विषय निघाला की साखर कारखान्यांच्या आसवनी (मद्यार्क) प्रकल्पांतून निघणाऱ्या मळीचे, म्हणजे स्पेंटवॉश या सांडपाण्याचे उदाहरण हमखास दिले जाते. यंदा मी मुद्दाम ऑलिव्ह तेलाच्या घाण्यांचे पाणी अभ्यासाला घेतले. आम्लधर्मी, काळपट आणि सेंद्रिय भाराने ओथंबलेले हे पाणी मळीचे सख्खे भावंड शोभेल, पण त्यातील फिनॉल गटातल्या, जंतूंना आणि रोपांना विषारी ठरणाऱ्या संयुगांमुळे त्याचा प्रश्न अधिक बिकट होतो.

ऑलिव्हच्या फळातील फिनॉलचा अगदी थोडा अंश तेलात उतरतो. बाकीचा बहुतेक पाण्यात आणि चोथ्यात जातो. स्पेन, इटली, ग्रीस, ट्युनिशिया या देशांत गाळपाचा हंगाम थंडीतल्या मोजक्या महिन्यांचा असल्याने हे पाणी एकदमच साचते. त्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातील सेंद्रिय घाणीचे रासायनिक ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला 40 ग्रॅमपासून 200 ग्रॅमच्या आसपास जाते. घरगुती सांडपाण्यात ती सहसा 1 ग्रॅमही नसते. ते तसेच बायोगॅसच्या टाकीत सोडले, तर मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीवच फिनॉलमुळे मंदावतात.

म्हणून आधी बुरशी आणि मग जीवाणू, हा क्रम मला पटतो. आपल्याकडे गव्हाच्या काडावर, भाताच्या पेंढ्यावर वाढवली जाणारी धिंगरी अळिंबी या कामी येते. पिशवीतल्या काडावर तिचे पांढरे तंतू पसरू लागतात, तेव्हा ती लॅकेजसारखी विकरे (एन्झाइम) बाहेर सोडून काडाला कडकपणा देणारे लिग्निन फोडत असते. लिग्निनही फिनॉलच्याच घडणीचे असल्यामुळे तीच विकरे ऑलिव्हच्या पाण्यातील फिनॉलवरही चालतात.

येथे एक सावधगिरी हवी. लॅकेज फिनॉलचे रेणू कधी कधी एकमेकांना जोडून मोठे करते. मग चाचणीत फिनॉल घटलेले दिसते, पण रंग उलट गडद होतो आणि विषारीपणा त्याच प्रमाणात उतरतोच असे नाही. त्यामुळे केवळ त्या आकड्यावर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. अळिवाची चाचणी मला अधिक विश्वासार्ह वाटते. लाडवांसाठी आपण आणतो तेच हे बी जगभर या कामासाठी वापरले जाते. काचेच्या बशीत गाळणकागद ठेवून तो प्रक्रिया केलेल्या पाण्याने भिजवायचा, त्यावर बिया मांडायच्या आणि दोन-तीन दिवसांनी किती रुजल्या व मुळे किती लांब झाली, हे साध्या पाण्यातील बियांशी ताडून पाहायचे. मळीवर प्रक्रिया करणाऱ्यांनीही ऑक्सिजन मागणीच्या आकड्याशेजारी अळिवाच्या मुळांची लांबी नोंदवावी, असे मला मनापासून वाटते.