पोप आले, कमानी उभ्या राहिल्या

आज ऑफिसची कामं पडली तशीच ठेवून दुपारभर ग्वीदो रेनी या इटालियन चित्रकाराची एचिंग्ज झूम करकरून बघत बसलो. १५९८ साली पोप क्लेमेंट आठवे इटलीतलं फेरारा शहर ताब्यात घेऊन परत निघाले आणि वाटेत बोलोन्या शहरात आले, म्हणजे तिथेही राज्य त्यांचंच, त्यामुळे स्वागताला कमी करून कसं चालेल, शहरभर कमानींची सजावट उभी केली आणि ती सगळी टेम्पररी हं! आपल्याकडे गणपतीत दहा दिवसांचे महाल उभे राहतात ना, तस्सं. नंतर सगळं उतरवलं. पण त्याच वर्षी या सजावटीच्या वर्णनाची पुस्तिका छापली गेली आणि त्यातली चित्रं केली जेमतेम तेविशीतल्या या रेनीने. एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर, त्यावर सुईने रेघा, मग अ‍ॅसिड, आणि छापताना सगळं उलटं येणार हे डोक्यात ठेवून काढायचं, वेडच लागेल! सावलीच्या त्या बारीक आडव्या-उभ्या रेघा मोठ्या करून बघा एकदा. पुढे रेनी मोठा पेंटर झाला वगैरे ठीके, मला खरं सांगायचं तर त्याच्या गोडगोड संतांपेक्षा हे आवडलं. कोणाकडे अख्ख्या पुस्तिकेचं बरं स्कॅन असेल तर पाठवा प्लीज.