‘फुल अँड फायनल’वर सही झाली, आता दावा संपला का?

टाके निघायच्या आत कागद समोर येतो. घोडबंदर रोडला टेम्पोने उडवलेलं असो की ठाणे-बेलापूर रस्त्यावर मागून कंटेनरने ठोकलेलं असो, पाय वर बांधून पडलेल्या माणसाला कोणीतरी सांगतं, “दादा, इथे सही करा, पैसे लगेच खात्यात.” कागदावर ‘फुल अँड फायनल’ छापलेलं असतं. काही महिन्यांनी हाड वाकडं जुळल्याचं कळतं, आणि मग प्रश्न पडतो की त्या सहीनंतर आणखी काही मागता येईल का.

कागद पाहिल्याशिवाय याचं उत्तर कोणी देऊ नये. पैसे कोणत्या पॉलिसीतून आले, सही कोणासमोर झाली आणि तो कागद कोर्टाच्या नोंदीत गेला का, या तीन गोष्टी आधी बघायच्या.

स्वतःच्या पॉलिसीचे कागद फारसे धोक्याचे नसतात. गाडीच्या दुरुस्तीचा ओन डॅमेज क्लेम घेताना गॅरेजमध्ये जे व्हाउचर भरून घेतात, ते पत्रा, बंपर आणि रेडिएटरपुरतंच असतं. तुमच्या पायाची भरपाई समोरच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून मागायची असते. तो हक्क वेगळा आणि बहुतेक वेळा कंपनीही वेगळी. मेडिक्लेमचंही तसंच. हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेममधून भागलं म्हणून अपघाताच्या भरपाईतून तेवढी रक्कम कापता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये सांगितलं आहे. मालक-चालकाच्या 15 लाखांच्या पर्सनल अॅक्सिडेंट कव्हरचे पैसेही तुम्ही हप्ता भरलेल्या करारातून येतात. फक्त एक ओळ शोधा: ‘या अपघातातून उद्भवणारे सर्व दावे, कोणाविरुद्धही’. ही ओळ दुरुस्तीच्या व्हाउचरवर असण्याचं काहीच कारण नाही. दिसली तर खोडून शेजारी सही करा, किंवा ‘फक्त वाहन नुकसानीपुरते’ असं हाताने लिहा.

आपल्याच कंपनीने रक्कम कमी दिली असेल, तर व्हाउचरवरची सही हा शेवट नसतो. दबाव, फसवणूक किंवा चुकीची माहिती देऊन सही घेतल्याचं दाखवता आलं तर ग्राहक पुढे दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन या प्रकरणात मान्य केलं. 2015 मध्ये विमा नियामकानेही परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलं की व्हाउचरवर सही केल्याने जास्त रकमेसाठी न्यायालयात जाण्याचा पॉलिसीधारकाचा हक्क बंद होत नाही.

आता रस्त्यावरचा तडजोडनामा. ट्रकमालक 500 रुपयांचा स्टॅम्प आणतो, नोटरी करतो, 40-50 हजार हातात ठेवतो आणि म्हणतो, “काका, गरिबाची गाडी आहे, कोर्टकचेरी कशाला?” स्टॅम्प आणि नोटरी झाली म्हणून तो कोर्टाचा हुकूम होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 168 नुसार ‘न्याय्य भरपाई’ किती ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने, म्हणजे अशा दाव्यांसाठीच्या खास कोर्टाने, ठरवायचं असतं. मिळालेले 50 हजार त्यातून वजा होतील, पण तेवढ्यावरून दावा आपोआप मरत नाही. आणि विमा कंपनीने तिच्या विमाधारकाशी, म्हणजे गाडीमालकाशी, परस्पर तडजोड केली असेल, तर जखमी माणूस त्यात पक्षकार नसेल तोवर ती वैधच नाही, असं कलम 153 सांगतं.

या कागदाचा खरा फटका रकमेत नसून त्यातल्या वाक्यांत असतो. ‘चूक माझीच होती’, ‘मला किरकोळ खरचटलं आहे’, ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’. कलम 166 खालच्या दाव्यात समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. तिथे कंपनीचा वकील तुमच्याच सहीच्या कागदातलं हे वाक्य तुमच्यासमोर ठेवतो. तडजोडीच्या नादात एफआयआर झालाच नाही, तर पुढे त्याच गाडीने धडक दिली हेही वादात पडतं. पोलीस ठाण्यात ‘तक्रार नाही’ असा जबाब दिला तरी भरपाईचा दावा स्वतंत्र राहतो. पण पुराव्याची भिंत मात्र आपणच पाडलेली असते. म्हणून तातडीचे पैसे घ्यावेच लागले तर साध्या पावतीवर घ्या: ‘औषधोपचारासाठी तात्पुरती मदत म्हणून इतके रुपये मिळाले, भरपाईचा हक्क राखून’. यापुढे एक शब्दही नको.

याहून वेगळा आणि फार जपून हाताळायचा प्रकार आहे कलम 164 चा. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच आहे, त्यामुळे साधं फ्रॅक्चर असलेलाही यात बसतो. कंपनीचा नियुक्त अधिकारी कलम 149 प्रमाणे 30 दिवसांत न्यायाधिकरणासमोर प्रस्ताव ठेवतो. तुम्ही तो स्वीकारलात की न्यायाधिकरण नोंद करतं, दावा संमतीने मिटला असं धरलं जातं आणि नोंद मिळाल्यापासून 30 दिवसांत पैसे येतात. पण कलम 166 ला जोडलेलं परंतुक, म्हणजे त्यातली अट, स्पष्ट आहे: या पद्धतीने 164 ची भरपाई स्वीकारली की न्यायाधिकरणातला तुमचा दावा संपुष्टात येतो. इथे ‘मला ठाऊक नव्हतं’ फारसं चालत नाही.

त्या अडीच लाखांपुढे काय सोडतो, याचा हिशेब कागदावर मांडून बघा. वय 32, स्वतःचा धंदा, महिना 18,000 रुपये. वर्षाचे 2,16,000. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरतात (सर्वोच्च न्यायालयाचा प्रणय सेठी निकाल, 2017), म्हणजे 3,02,400. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, 16 (सरला वर्मा निकाल, 2009), म्हणजे 48,38,400. पायामुळे कमाईची क्षमता 20 टक्के घटली असेल तर 9,67,680 रुपये. यात हॉस्पिटलचं बिल, बुडालेली मजुरी, वेदनांची भरपाई आणि पुढचं ऑपरेशन धरलेलंच नाही.

इथे टक्का म्हणजे अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरचा आकडा नव्हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) या निकालापासून बघायचं असतं ते असं, की त्या व्यंगाने त्या माणसाच्या कामावर किती परिणाम झाला. गुडघा पूर्ण वाकत नसेल तर टेबलावर बसणाऱ्या कारकुनाची कमाई फारशी घटत नाही. टाइल्स बसवणाऱ्याची जवळजवळ जाते. कंपनीच्या प्रस्तावात मात्र हा फरक क्वचितच दिसतो, तो आपल्यालाच मांडावा लागतो.

तरीही अडीच लाख घेणंच शहाणपणाचं ठरतं असे प्रसंग आहेत. दुचाकी स्वतःच घसरून कडेच्या गाडीवर आदळली असेल, साक्षीदार नसेल, पंचनाम्यात सगळा ठपका तुमच्यावर असेल, तर 166 खाली हाती काही न लागण्याची शक्यता मोठी असते. 164 मध्ये निष्काळजीपणा दाखवावाच लागत नाही. हा निर्णय एफआयआर आणि पंचनामा वाचून घ्यायचा. एजंटच्या घाईने घ्यायचा नाही.

लोकअदालतीतली सही सगळ्यात पक्की. ठाण्याच्या न्यायालयात राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी मोटार अपघाताचे दावे मिटतात. दोन्ही वकील तडजोड पुरसीस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, देतात, पॅनेल विचारतं, सही होते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 21 नुसार तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच अंतिम, त्यावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट करता येते, पण अत्यंत मर्यादित कारणांवर (पंजाब राज्य विरुद्ध जलौर सिंग, 2008). याची चांगली बाजूही खरी आहे: कंपनीलाही अपील नसल्यामुळे पैसे अडकून राहत नाहीत. योग्य वेळी, योग्य रकमेवर केलेली लोकअदालत मला नेहमीच लांबलेल्या खटल्यापेक्षा बरी वाटते. अडचण येते ती वेळ चुकल्यावर.

कारण शरीर कोर्टाच्या तारखेप्रमाणे बरं होत नाही. नडगीतला रॉड साधारण वर्ष-दीड वर्षाने काढतात, तो खर्च पुढे येतो. मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर जुळलं असं वाटत असताना खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. ते एक-दोन वर्षांनी दिसतं आणि सांधा बदलावा लागतो. डोक्याच्या मारानंतर फिट्स महिन्यांनीही सुरू होतात. गुडघ्याचा लिगामेंट फाटलाय हे सूज उतरल्यावर एमआरआयमध्ये समजतं. यातलं काही नंतर निघालं म्हणून दुसरा दावा लावता येत नाही. नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग (2003) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अंतिम निवाड्यानंतर वाढीव निवाडा देण्याची सोय या कायद्यात नाही. म्हणून भविष्यातला उपचारखर्च पहिल्याच निवाड्यात धरला पाहिजे. संमतीच्या निवाड्यालाही हाच धाक लागू आहे.

म्हणून पुरसीसवर सही करण्याआधी ऑर्थोपेडिक सर्जनकडून लेटरहेडवर तीन गोष्टी लिहून घ्या: हाड पूर्ण जुळलं का, पुढे कोणती शस्त्रक्रिया लागेल, तिचा अंदाजे खर्च किती. अपंगत्वाचं प्रमाणपत्र हाड जुळल्यावरच काढा. आधी काढलं तर कंपनी ‘सुधारणा होणार आहे’ म्हणून ते उडवते. पगाराच्या स्लिपा, आयटी रिटर्न, धंदा असेल तर बँकेचे उतारे आणि कामाचे फोटोही जोडा. आणि रक्कम ऐकताना ती व्याजासकट आहे का, वकिलाची फी त्यातूनच जाणार का, किती भाग एफडीत अडकेल, हे तिथेच विचारा.

जखमी 18 वर्षांखालचा असेल तर आईवडिलांनी परस्पर केलेली तडजोड मुलाला बांधत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32 नियम 7 प्रमाणे दावा चालू असताना न्यायालयाची परवानगी लागते.

सही आधीच झाली असेल आणि ती न्यायाधिकरणासमोर झालेली नसेल, तर दिवस मोजा. कंपनीला त्याच आठवड्यात ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने कळवा: सहीची तारीख, रक्कम, सही घेताना काय सांगितलं, कागद कोणत्या भाषेत होता, रक्कम हक्क राखून घेतली आहे. मोघम ‘दबावाखाली सही घेतली’ पुरत नाही. जेनस पॉवर प्रकरणात (2014) सर्वोच्च न्यायालयाने असा मोघम आरोप फेटाळला. तिथे आक्षेपाची नोटीस सुमारे तीन आठवड्यांनी गेली होती. तो व्यापारी विम्याचा वाद होता, पण मोजपट्टी तीच लावतात. सहीच्या दिवशी तुम्ही अॅडमिट होतात, वेदनाशामक चालू होतं, हे केसपेपरच्या झेरॉक्सवरून दाखवता येतं. फक्त मराठी वाचणाऱ्याकडून इंग्रजी कागदावर सही घेतली असेल तर तेही लिहा. कागदाची प्रत दिली नसेल तर लेखी मागा. आलेली रक्कम लपवू नका, ती दाव्यात दाखवून वजावट मान्य करा.

आणि हा पत्रव्यवहार चालू असताना मुदत थांबत नाही. कलम 166(3) अपघातापासून सहा महिने देतं. या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवलेला अहवालही दावा म्हणून धरता येतो, तरी तो पोचला का याची चौकशी स्वतः करा. न पोचल्यास अर्ज स्वतः दाखल करा. अपघात जिथे झाला तिथे, किंवा तुम्ही राहता वा काम करता तिथल्या न्यायाधिकरणात तो चालतो, त्यामुळे अपघात पुण्याकडे झाला असला तरी ठाण्यात राहणाऱ्याला ठाण्यातच दावा लावता येतो.