घरचं भांडण घरच्या भाषेत

सिडनीत राहते आणि सिनेमाचं वेड आहे हे कळलं, की लोक हमखास विचारतात, "तिकडच्या सिनेमात आशियाई माणसं दिसतात तरी का? की नुसते दुकानदार आणि टॅक्सीवाले?" तुम्हीही हेच विचारलंत म्हणून सांगते. दिसतात, आणि हाडामांसाची दिसतात. फक्त ती कमी पैशांत, स्वतंत्रपणे काढलेल्या चित्रपटांत शोधावी लागतात.

सुरुवात दिग्दर्शिका क्लारा लॉ यांच्या 'फ्लोटिंग लाइफ'पासून (१९९६) करा. हाँगकाँगचं एक वयस्क जोडपं धाकट्या मुलांना घेऊन सिडनीच्या उपनगरात मुलीकडे राहायला येतं. ही मुलगी, बिंग, आधी एकटीच इथे येऊन राहिलेली. ती आल्याआल्या सगळ्यांना धाक घालते: उन्हात जाऊ नका, कॅन्सर होईल; कुत्र्यांपासून जपा. नव्याकोऱ्या, लख्ख घरात सगळे दबकून वावरतात. पुढे बिंग स्वतःच खचते. तेव्हा तिची आई पूर्वजांपुढे उदबत्ती लावते आणि मोठ्याने बोलत लेकीसाठी साकडं घालते, कँटोनीज या घरच्या भाषेत. कोकणात गाऱ्हाणं ऐकत वाढलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. मला तर तो कितीदाही बघितला तरी हलवून जातो.

ऑस्करच्या परभाषा विभागात ऑस्ट्रेलियाने पाठवलेला हा पहिला चित्रपट. ज्या देशाने १९०१ मध्ये कायदा करून आशियाई लोकांना दार बंद केलं आणि १९७३ मध्ये कुठे ते धोरण पुरतं मोडीत काढलं, त्या देशाने हे घर आपलं म्हणून जगापुढे ठेवलं. मला याचं फार मोल वाटतं.

मग टोनी आयर्स यांचा 'द होम साँग स्टोरीज' (२००७). ही त्यांच्या स्वतःच्या आईची गोष्ट. जोन चेनने रंगवलेली ही आई नाइटक्लबमध्ये गाणारी, अस्थिर, मुलांना फरफटत नेणारी आणि तरीही जीव लावणारी. स्थलांतरित आई म्हणजे सोशिकच, या साच्यात ती मावत नाही. पडद्यावर किती आशियाई चेहरे आले हे मोजण्यात मला रस नाही. त्यांना चुकण्याची, हट्टीपणाची, घरच्या भाषेत कडाकडा भांडण्याची मुभा आहे का, हे मी बघते.

खोआ डो यांचा 'द फिनिश्ड पीपल' (२००३) सिडनीच्या कॅब्रामॅटा उपनगरातला. व्हिएतनामी निर्वासितांची मोठी वस्ती असलेला हा भाग. तिथल्या बेघर, भरकटलेल्या तरुणांना डो सिनेमा शिकवत होते. त्याच मुलांनी त्यात कामं केली.

पश्चिम सिडनीत हॅरिस पार्क, पॅरामॅटाकडे तुमचे कुणी राहत असतील, तर 'हिअर आउट वेस्ट' जरूर बघा. पश्चिम सिडनीतल्या आठ लेखकांनी लिहिलेला हा चित्रपट २०२१ च्या सिडनी फिल्म फेस्टिव्हलचा उद्घाटनाचा चित्रपट होता. त्यात बंगालीही ऐकू येते. सगळ्यांनी मिळून बघायचं असेल तर याच्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल. 'होम साँग'मध्ये मात्र आत्महत्येचे प्रसंग आहेत, तो मुलं मोठी झाल्यावरच दाखवा.