न खाता वाढलेली साखर

बाबांची शस्त्रक्रिया चालू होती तेव्हा मी चार तास दाराबाहेरच्या बाकावर बसून होते. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. हात गार पडून थरथरायला लागले, साखर उतरली असेल म्हणून बोट टोचलं. मीटरवर १७८. सकाळी उपाशीपोटी ११६ होती.

पुढच्या तपासणीला साखरेच्या नोंदींची वही दाखवली, तर "काहीतरी खाल्लंच असणार" हे ऐकून घ्यावं लागलं. ते मला अजून लागून राहिलंय.

मग वाचत सुटले. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी रक्तातली साखर पाहून इन्सुलिन सोडतात, एवढंच मला ठाऊक होतं. पण तिथवर मेंदूकडून नसाही येतात. भीती वाटली की त्यांच्या टोकांतून नॉरअॅड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं आणि इन्सुलिन आखडतं. त्याच वेळी यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी तर १८४९मध्येच सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचली आणि त्याच्या लघवीत साखर उतरली. इन्सुलिन सापडायला तेव्हा अजून सत्तरहून जास्त वर्षं होती!

याच्या उलटही घडतं, आणि ते मला फार सुंदर वाटतं. जेवणाचा वास आला, पहिला घास जिभेवर आला, की मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नस अॅसिटिलकोलिन या रसायनामार्फत स्वादुपिंडाला वर्दी देते. घासातली साखर रक्तात पोचण्याआधीच थोडं इन्सुलिन निघालेलं असतं.

भुकेचंही तसंच. रिकाम्या जठरातून घ्रेलिन हे संप्रेरक निघतं आणि हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातल्या भूक लावणाऱ्या पेशींना जागं करतं. चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक त्यांना शांत करतं. इन्सुलिनही मेंदूत पोचून तेच सांगतं, 'आता पुरे'. वजन वाढलेल्या अनेकांच्या मेंदूला हा निरोप नीट ऐकूच येत नाही. अशा माणसाला 'तोंडावर ताबा नाही' म्हणणं मला क्रूर वाटतं. मीही पूर्वी तसं म्हणायचे, बहिणीला. परवा तिला फोन करून माफी मागितली.

वहीत आता तिसरा रकाना आखलाय. वेळ, आकडा आणि मनात काय चाललं होतं. सोमवारची ओळ अशी आहे: सकाळी दहा, १६२, नाश्ता नाही, बाबांचे टाके काढत होते.