ऑक्सिजन होता, टँकर नव्हता

एप्रिल-मे २०२१. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘देशात ऑक्सिजन संपला’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. खरं तर ऑक्सिजन बनत होता, पण चुकीच्या टोकाला. मोठे प्लांट पोलाद कारखान्यांना लागून, म्हणजे राउरकेला, जमशेदपूर, बोकारो, विशाखापट्टणमकडे. रुग्ण मात्र दिल्लीत, महाराष्ट्रात.

उणे १८३ अंशांचा हा द्रव ऑक्सिजन साध्या टँकरमधून नेता येत नाही. दोन भिंती आणि मध्ये निर्वात पोकळी असा क्रायोजेनिक टँकरच हवा. ते मोजकेच, म्हणून नायट्रोजन-आर्गॉनचे टँकर साफ करून वापरात आणले. हवाई दलाने टँकर उचलले, तेही रिकामेच. भरलेल्या टाकीत द्रव सतत उकळतो, दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह वायू बाहेर सोडतो. बंद विमानात हे म्हणजे आगीला आमंत्रण.

१९ एप्रिलला कळंबोलीहून ७ रिकामे टँकर विशाखापट्टणमला जायला रेल्वेवर चढले. अडचण उंचीची. बोगदे, पूल, वरची विजेची तार या सगळ्याखालून वाघिणीवरचा टँकर जायला हवा. शेवटी ३३२० मिलिमीटर उंचीचे टँकर बसले आणि घाट टाळून वसई-सुरत-भुसावळ असा वळसा घेतला. भरून परतताना ३ नागपूरला उतरले, ४ नाशिकला.

आता हिशेब. जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर वायू. मिनिटाला १० लिटरने तो साडेअकरा तास पुरतो. तोच हाय-फ्लो मशीनला (नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं यंत्र) ६० लिटरने, शुद्ध ऑक्सिजनवर लावला तर दोन तासही नाही. एक टन द्रव म्हणजे साधारण शंभर जम्बो. वॉर्डात दहा हाय-फ्लो वाढले की हॉस्पिटलच्या टाकीचा अंदाज कोलमडायचा.

टाकी भरलेली असूनही दाब पडायचा, हे फारसं कुणी बोलत नाही. द्रवाचा वायू करणाऱ्या व्हेपोरायझरमधून क्षमतेपेक्षा जास्त ओढलं की त्याच्या पात्यांवर बर्फाचा जाड थर चढतो, बाहेरची उष्णता आत पोचत नाही. मग पाण्याचा पाइप लावून बर्फ उतरवायचा, नाहीतर दुसरा संच चालू करायचा.

सगळ्यात स्वस्त बचत वॉर्डातच होती. ९२ ते ९६ टक्के सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) पुरेसं असताना ९९ दिसेपर्यंत नॉब फिरवायचा नाही, आणि मास्क काढून जेवायला बसलेल्या रुग्णाचा फ्लो चालूच राहिला नाही ना, ते बघायचं.