मग काय, नशा करणाऱ्यांना मोकळं सोडायचं?

व्यसनमुक्तीचं काम करते, नशा करणाऱ्याला तुरुंग नको, उपचार हवेत म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "तुरुंगाचा धाकच काढून टाकलात तर सगळेच ओढायला लागतील, त्याचं काय?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

धाक असतो, नाही कोण म्हणतं. पण तो हात न लावलेल्याला. रोज गर्द (हेरॉइन) ओढणाऱ्याला सकाळी डोळे उघडताच भीती वाटते ती टर्कीची, म्हणजे नशा न मिळाल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाची. नाक गळतं, हाडं ठणकतात, पोटात पिळवटतं. एक पुडी मिळाली की काही मिनिटांत सगळं थांबतं. त्या क्षणी त्याला कायद्याचं कलम आठवेल ही अपेक्षा आपली, त्याची नव्हे.

मला खरी धास्ती वाटते ती सुटकेच्या दिवसाची. आत नशा मिळाली नाही (मिळतेही, पण तो वेगळा विषय) की शरीराची सवय उतरते. बाहेर आलेला माणूस मात्र जुन्याच अंदाजाने घेतो आणि श्वास मंदावत थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतरांच्या १२९ पट होता.

आमच्याकडे एक वेल्डर रोज ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे टर्की थोपवणारं औषध, घ्यायला येतो. गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. हा जात्याच बडबड्या, त्यामुळे तेवढा वेळ हातवारे करून सगळ्यांची चौकशी करतो आणि मग कामावर जातो. "म्हणजे एक नशा सोडून दुसरीच की!" असं लोक म्हणतात. त्यांनी त्याला टर्कीत पाहिलेलं नाही.

पोर्तुगालचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २००१पासून तिथे दहा दिवसांपुरता साठा जवळ सापडला तर तो गुन्हा नाही. पण माल जप्त होतो आणि माणसाला तिघांच्या आयोगापुढे बसावं लागतं. विकणारा आजही तुरुंगातच जातो. म्हणजे मोकळं कुणालाच सोडलेलं नाही.

यावर अमेरिकेतल्याच ओरेगन राज्याचा दाखला माझ्या तोंडावर फेकला जातो. तिथे २०२०मध्ये लोकांनी मतदानाने थोडा माल जवळ बाळगण्यावरची शिक्षा काढली. उरला १०० डॉलरचा दंड, तोही हेल्पलाइनला फोन केला तर माफ. फोन फार थोड्यांनी केले, उपचारांचा पैसा रेंगाळत आला आणि २०२४मध्ये जवळ बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. दाखला बिनतोड आहे, मी वाद घालत नाही. हातात दंडाची चिठ्ठी देऊन कुणी व्यसनातून सुटत नाही. पोर्तुगालने कायद्याबरोबर उपचारही वाढवले होते.

प्रतिबंधाचं म्हणाल तर शाळेत कवटीची चित्रं दाखवणारी व्याख्यानं मी देत नाही. मुलं हसतात. मित्राने पुढे केलं तर त्याला न दुखावता नाही कसं म्हणायचं, हे त्यांना हवं असतं. त्याचा सराव घेते.

गेल्या महिन्यात एकजण आपणहून आला. "आजच दाखल करा, ताई." खाट रिकामी नव्हती, सोमवारी या म्हटलं. सोमवारी आला नाही. मंगळवारी मीच फोन लावला. बंद होता.