फायररेडचा हॅक खेळताना: आठवड्याच्या नोंदी

सोमवार

पॅच (मूळ खेळात बदल करणारी फाइल) मारण्याआधी रॉम (कार्ट्रिजमधल्या खेळाची फाइल) तपासणं हे दोन मिनिटांचं काम, टाळलं तर आठवडा वाया. 'पोकेमॉन फायररेड' या गेम बॉय ॲडव्हान्सच्या खेळावरचे बहुतेक हॅक, म्हणजे चाहत्यांनी बदलून बनवलेले खेळ, अमेरिकी १.० आवृत्तीवर बांधलेले असतात. १.१ वरवर पाहता तीच, पण आतल्या माहितीचे पत्ते सरकलेले. फाइल नेमकी १,६७,७७,२१६ बाइटांची हवी आणि तिचा सीआरसी३२ (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) डीडी८८७६१सी. आपल्याच कार्ट्रिजमधून काढलेली प्रत असली तरी हा आकडा जुळवावा, कारण १.१ चीही कार्ट्रिजं निघाली होती.

आयपीएस प्रकारचा पॅच काही विचारत नाही, चुकीच्या रॉमवरही मुकाट बसतो. मग पांढरा पडदा दिसतो. तो बरा म्हणायचा, निदान लगेच कळतं. तीन तास सुरळीत चालून एखाद्या दारातून आत शिरताना खेळ गोठला, तर दोष हॅकचा की रॉमचा हेच समजत नाही. आयपीएसमधला पत्ता २४ बिटांचा, म्हणजे धाव १६ एमबीपर्यंतच. ३२ एमबीपर्यंत वाढवलेले हॅक त्यामुळे यूपीएस किंवा बीपीएस या पॅचच्या दुसऱ्या प्रकारांत येतात आणि हे दोन्ही चेकसम, म्हणजे असाच पडताळणीचा आकडा, पाहतात. यूपीएस एक्सऑरवर (दोनदा केली की मूळ परत देणारी बिटांची क्रिया) चालतो, म्हणून पॅच झालेल्या रॉमवर तोच पॅच पुन्हा मारला तर मूळ खेळ परत मिळतो. "पॅच मारला पण काहीच बदललं नाही" या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं.

मंगळवार

एम्युलेटरमध्ये (रॉम चालवणारा प्रोग्रॅम) सेव्हचा प्रकार फ्लॅश १२८ केबी ठेवावा. ६४ वर राहिला तर सुरुवातीलाच 'वन-एम सब-सर्किट बोर्ड' बसवलेला नसल्याचा संदेश येतो. मूळ फायररेडमध्ये घड्याळ नाही. हॅकमध्ये दिवस-रात्र असेल आणि वेळ एकाच जागी अडकली असेल, तर घड्याळाची सोय हाताने चालू करावी लागते.

बुधवार

जुन्या खेळाडूला सगळ्यात जास्त फसवते ती जुनी पाठांतरं. मूळ फायररेड २००४ चा. त्यात हल्ला फिजिकल (अटॅकच्या जोरावरचा) की स्पेशल (स्पेशल अटॅकच्या जोरावरचा), हे त्याच्या टाइपवरून, म्हणजे गटावरून, ठरायचं: घोस्ट सगळे फिजिकल, डार्क आणि वॉटर सगळे स्पेशल. २००६ च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'पासून प्रत्येक हल्ल्याचा प्रकार वेगळा ठरू लागला आणि आजचे बहुतेक मोठे हॅक हीच पद्धत घेतात. गेंगार हा पोकेमॉन घ्या. अटॅक ६५, स्पेशल अटॅक १३०. जुन्या नियमात त्याचा शॅडो बॉल हा घोस्ट हल्ला ६५ च्या जोरावर जायचा, नव्यात १३० च्या. हल्ला तोच, ताकद ८० चीच, मार जवळपास दुप्पट. गायराडोसचं उलट: अटॅक १२५, स्पेशल ६०, त्यामुळे वॉटरफॉल हा वॉटर हल्ला फिजिकल होऊन आता कुठे त्याच्या कामाचा झाला. सर्फ मात्र अजूनही स्पेशल, तो त्याला शिकवून जागा अडवू नये.

हॅकच्या माहितीपत्रात याचा उल्लेख नसेल आणि हल्ल्याशेजारी चिन्हही नसेल, तर घरगुती चाचणी आहे. आपल्या पोकेमॉनने बाइट हा डार्क हल्ला मारावा, समोरच्याचा ग्राउल एकदा लागू द्यावा, मग त्याच्यावरच पुन्हा बाइट. ग्राउलने अटॅक दोन तृतीयांशावर येतो. मारही तितकाच घटला तर बाइट फिजिकल, म्हणजे नवा नियम. जैसे थे राहिला तर जुना. माराचा आकडा दर वेळी ८५ ते १०० टक्क्यांत हलतो, तेव्हा थोड्या फरकावर जाऊ नये. क्रिटिकल (अधूनमधून बसणारा जादा जोराचा फटका) बसला तर तो फटका मोजायचाच नाही, कारण क्रिटिकल ही घट जुमानत नाही.

शुक्रवार

लेव्हल कॅप (लेव्हल ठरावीक टप्प्यापुढे न जाऊ देणारी मर्यादा) असलेल्या हॅकमध्ये जिम लीडरशी अडलं की लोक आयव्ही (पोकेमॉनचे जन्मजात गुण) आणि नेचरच्या (स्टॅट वाढवणारा-घटवणारा स्वभाव) मागे लागतात. गणित वेगळं सांगतं. बेस (त्या जातीचा मूळ आकडा) १००, लेव्हल २०, आयव्ही ३१ असेल तर स्टॅट (अटॅक, वेग असा प्रत्यक्ष आकडा) ५१. त्यातला ३१ आयव्हीचा वाटा साधारण ६, अनुकूल नेचर आणखी ५ देतो. २५२ ईव्ही (लढायांतून कमावलेले गुण) भरले तर तोच ५१ चा ६३ होतो, म्हणजे सरळ १२ गुण. कॅपखाली लेव्हल वाढवता येत नाही, पण ईव्ही वाढवता येतात. एकूण मर्यादा ५१०, म्हणून दोन स्टॅट पूर्ण भरावेत. सहांवर थोडं थोडं शिंपडण्यात अर्थ नाही. माचो ब्रेस या वस्तूने ईव्हीची कमाई दुप्पट होते, मात्र वेग अर्धा होतो, तो लढाईआधी काढायला विसरू नये. काही हॅक ईव्ही बंदच ठेवतात. तिथे हा सगळा परिच्छेद रद्द.

रविवार

हॅकची नवी आवृत्ती आली की तिचा पॅच जुन्या पॅच झालेल्या फाइलवर नाही, स्वच्छ रॉमवर मारायचा. त्याआधी पोकेमॉन सेंटरमध्ये उभं राहून खेळातूनच सेव्ह करावं, कारण नकाशे बदललेले असतात आणि रानात सेव्ह केलं तर उघडल्यावर भिंतीत अडकायला होतं. सेव्ह स्टेट (एम्युलेटरने टिपलेली त्या क्षणाची स्थिती) नव्या आवृत्तीत उघडूच नये. त्यात जुन्या कोडचे पत्ते जसेच्या तसे असतात. सेव्ह फाइलचं नाव रॉमच्या नावासारखंच ठेवायचं, एका अक्षराच्या फरकानेही 'न्यू गेम' समोर येतो.

सेव्ह फाइल १,३१,०७२ बाइटांची, म्हणजे चार केबीचे ३२ सेक्टर. त्यात १४-१४ सेक्टरांच्या दोन प्रती असतात आणि प्रत्येक सेव्ह आलटूनपालटून एकेकीवर लिहिला जातो. म्हणून तर ताजी प्रत बिघडली की खेळ आधीची उचलतो. नवी आवृत्ती उघडल्यावर आधी फाइलची प्रत बाजूला काढावी, मग पोकेमॉन साठवायचे सगळे बॉक्स उघडून बघावेत, कुठे बॅड एग (माहिती बिघडलेल्या पोकेमॉनच्या जागी दिसणारं अंडं) दिसतोय का, एखाद्याचे हल्ले बदललेत का. हे पाहण्याआधी सवयीने सेव्ह केलं तर एक जुनी प्रत जाते. दुसऱ्यांदा केलं की दोन्ही गेल्या.